हॉमिनीच्या घळीत रस्ता नाही

फाटक ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी बसलं. हिरवं लोखंडी फाटक, दोन्ही बाजूंना सिमेंटमध्ये रोवलेले खांब, मधे साखळी आणि कुलूप. डेल्फिया कटलिप गावातून कोंबड्यांचं खाद्य घेऊन परतली तेव्हा सिमेंट अजून ओलं होतं. तिने पिकअप थांबवली, खाली उतरली आणि कुलूप तळहातावर घेऊन पाहिलं. पलीकडे लोनी हिन्कल उभा होता. हॉमिनी घळीच्या दोन्ही अंगांचं रान त्या उन्हाळ्यात एका शिकार क्लबने विकत घेतलं होतं आणि लोनी त्या क्लबचा राखणदार होता.

“मिस डेल्फिया, तुमची किल्ली तयार आहे,” तो म्हणाला. “फक्त या कागदावर सही करा.”

तिने कागद उभ्यानेच दोनदा वाचला. घळीतला रस्ता क्लबच्या खासगी मालकीचा आहे, मी तो क्लबच्या परवानगीने वापरते, क्लब ही परवानगी केव्हाही काढून घेऊ शकतो, असा मजकूर होता.

“लोनी, हे मला का?”

“नियम आहे हो नुसता. सगळ्यांना लागू.”

“सगळे कोण? वर मी एकटी राहते.”

“मग तुम्हाला लागू.”

“तू दुसरीत असताना माझ्या बसमध्ये ओकलास. तेव्हा मी तुझ्याकडून काही लिहून घेतलं होतं का?”

“आलं ते,” लोनी म्हणाला. “सकाळीच बायकोला म्हटलं होतं, आज ते निघणार.”

तिने कागद घडी करून त्याच्या खिशात खोचला. पिकअप टपालपेटीशेजारी लावली, पन्नास पौंडांचं पोतं सोडून अर्धं खाद्य दुसऱ्या पिशवीत ओतलं, एक पिशवी पाठीला बांधली आणि फाटकाशेजारच्या काटेरी तारेखालून पलीकडे गेली. तिथून तिचं घर अडीच मैल. चढ सातशे फुटांचा. ती एकाहत्तर वर्षांची होती.

बार्लो काउंटीत तिला ओळखत नाही असा चाळिशीतला माणूस सापडणार नाही. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. वेस्ट व्हर्जिनियाच्या या भागात बस चालवणं म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे चाळीस भांडणारी पोरं. या एकतीस वर्षांत तिची बस दोनदा घसरली, उलटली एकदाही नाही. रोज पहाटे बस सुरू करण्याआधी भोवती फिरून बेचाळीस गोष्टी तपासायच्या असा लेखी नियम होता. बाकीचे ड्रायव्हर चाकाला लाथ मारून निघत. ती बर्फातही बेचाळीस तपासायची. तिची ओळख सांगताना लोक अजून हेच सांगतात आणि ते पुरेसं आहे.

ओहायोतल्या मुलीने फोनवर सांगितलं, सही कर आणि मोकळी हो. डेल्फियाने तिला उत्तर दिलं, “सही केली की रस्ता त्यांचा, हे मी माझ्या हाताने लिहून दिलं. उद्या ते कुलूप बदलतील. रस्ता नसलेलं घर तू तरी घेशील का?” नंतर मुलीने बर्फात घालायचे बूट पाठवले.

त्या हिवाळ्यात डेल्फिया चालली. आठवड्यातून तीनदा खाली, तीनदा वर. पीठ, राजमा, कॉफी, दिव्याच्या बॅटऱ्या, गुडघ्याचं औषध, सगळं पाठीवर. घळीच्या मुखाशी पाव मैल रस्ता ओढ्याच्या पात्रातूनच जातो. पूर्वीपासून तसाच आहे. अरुंद घळीत ओढा आणि रस्ता दोघांना जागा नसते, तेव्हा रस्ता पाण्यात उतरतो. तिथे ती काठाकाठाने झाडांची मुळं धरून जायची. लोनी दोनदा म्हणाला, मी तिकडे पाठ करतो, तुम्ही गाडी घेऊन जा. तिने नाही म्हटलं. चोरून गेलं तर तीही परवानगीच झाली, असं तिचं म्हणणं होतं.

नोव्हेंबरात तिने कोर्टात अर्ज केला. वकील केला नाही. जानेवारीत पहिली सुनावणी झाली. क्लबचे वकील राजधानीतून आले होते, चांगल्या सुटातले, बोलायला सौम्य. त्यांनी तिकाटण्यावर काउंटीच्या या भागाचा १९२५ सालचा सरकारी नकाशा लावला. डोंगराच्या उंचीच्या तपकिरी रेघा, निळे ओढे, काळे रस्ते. पट्टीच्या टोकाने त्यांनी हॉमिनीचा ओढा वरपर्यंत दाखवला. निळी रेघ होती. तिच्या बाजूला काळं काहीच नव्हतं.

“रस्ता नाही,” वकील म्हणाले. “पाऊलवाटही नाही. १९३० साली हे रान एका लाकूड कंपनीने घेतलं. पुढच्या, १९६७च्या नकाशात इथे तुटक रेघ दिसते. म्हणजे रस्ता कंपनीने आपल्या जमिनीत, आपल्या कामासाठी काढला. कटलिप कुटुंब तो कंपनीच्या मेहेरबानीवर वापरत आलं.”

न्यायाधीश बाईंनी डेल्फियाला विचारलं, “१९३०च्या आधी इथे रस्ता होता आणि काउंटी तो राखत होती, याचा काही कागद आहे का?”

“काउंटीच्या हुकुमांच्या वह्या पुरात गेल्या, मॅडम. पण रस्ता होता. नकाशावर का नाही तेही मला माहीत आहे.”

“का नाही?”

“माझ्या आजोबांनी नकाशावाल्याला फसवलं म्हणून.”

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, असं सांगून त्यांनी एप्रिलपर्यंत मुदत दिली.

गोष्ट कटलिपांच्या घरात सर्वांना पाठ होती. १९२४च्या उन्हाळ्यात एक परका माणूस खेचरावर तिपाई आणि दुर्बीण लादून काउंटीत आला. तो घळींकडे दुर्बिणीतून बघायचा आणि पाटावर काहीतरी लिहायचा. दारूबंदीचे दिवस होते आणि हॉमिनीच्या वरच्या झऱ्यावर डेल्फियाच्या आजोबांची, हायरम कटलिपची, हातभट्टी होती. अबकारीचा माणूस आला असं घळीने ठरवलं. एका रात्रीत रस्त्यावर झाडं आडवी पाडली गेली. ओढ्यातून जाणारा पाव मैल तर लपवायलाच नको होता, तिथे नुसतं पाणी दिसायचं. विचारील त्याला एकच उत्तर द्यायचं ठरलं, वर रस्ता नाही. नकाशावाला निघून गेला. दहा वर्षांनी राज्याने काउंटीचे रस्ते ताब्यात घेतले तेव्हा यादी नकाशे पुढ्यात ठेवून झाली. हॉमिनीचा रस्ता यादीत आला नाही आणि पुढे कधीच डागडुजीला कोणी आलं नाही. पापॉने, म्हणजे आजोबांनी, सरकारला कसं बनवलं, असं म्हणत कटलिपांच्या तीन पिढ्या यावर हसल्या होत्या.

सुनावणीनंतरच्या रविवारी डेन्झिल कटलिपच्या घरी जेवायला सगळे जमले. डेन्झिल तिचा चुलतभाऊ, खाली गावात राहणारा, चर्चचा डीकन आणि चिटणीस. चर्च हायरमने घळीत बांधलेलं, पुढे खाली गावात आणलेलं. त्याची तसबीर तिथे भिंतीवर आहे आणि चर्चच्या जुन्या इतिवृत्तांच्या वह्या डेन्झिलच्या कपाटात.

“डेल्फी, पापॉला तू भर कोर्टात खोटारडा म्हणालीस,” तो म्हणाला.

“खोटं बोललाच तो.”

“आणि एप्रिलमध्ये भट्टीही काढणार असशील.”

“विचारलं तर काढीन.”

“ही घरातली गोष्ट आहे. घरात ठेवावी.”

“घरी जायलाच रस्ता नाही, डेन्झिल. कुठे ठेवू?”

डेन्झिलच्या बायकोने मक्याची भाकरी पुढे सरकवली. “दोघंही जेवा आधी. पापॉला आता काही लागत नाही, तुम्हाला लागतं.”

“त्याची तसबीर रोज बघावी लागते मला,” डेन्झिल म्हणाला.

“मला त्याचा रस्ता रोज चालावा लागतो,” डेल्फिया म्हणाली आणि भाकरी घेतली.

काउंटीच्या वाचनालयात १९२५च्या नकाशाची प्रत होती. डेल्फियाने भिंग घेऊन एक अख्खी दुपार त्यावर घालवली. हॉमिनीच्या वरच्या भागात तिला सात बारीक काळे चौकोन सापडले, म्हणजे सात घरं. निशाण असलेला एक चौकोन, शाळा. क्रूस असलेला एक, चर्च. त्यांच्याकडे जाणारी एकही रेघ नव्हती. रस्ता ज्याला दिसला नाही त्याला घरं दिसली कशी, हा प्रश्न तिने वहीत लिहून घेतला. मग नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मोजणीदाराचं नाव दिसलं: ए. पी. लस्क.

तिने राजधानीतल्या सरकारी दप्तरखान्याला पत्र लिहिलं, लस्क यांच्या १९२४च्या मोजणीच्या वह्या आहेत का? सहा आठवड्यांनी उत्तर आलं, या नकाशाखाली अशी वही नोंदलेली नाही.

हे उत्तर घेऊन ती वर गेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशाची नक्कल पसरून बसली. एकतीस वर्षं मार्ग आखलेल्या बाईला मग एक साधी गोष्ट खटकली. हॉमिनीचा ओढा नकाशाच्या पूर्वेच्या कडेला जाऊन तुटत होता. घळीचं मुख या कागदावर नव्हतंच. ते शेजारच्या नकाशावर होतं. दुसऱ्या दिवशी ती अडीच मैल उतरून गेली, शेजारच्या नकाशाची नक्कल आणली आणि दोन्ही कागद कडेला कड लावून ठेवले. घरं एका कागदावर, मुख दुसऱ्यावर. कोणताही माणूस घळीत मुखाकडूनच शिरणार. तो जिथून शिरला त्या नकाशाखाली त्याने वही नोंदवली असणार. तिने दुसरं पत्र लिहिलं, त्यात शेजारच्या नकाशाचं नाव घातलं आणि उत्तर येईपर्यंत दर सोमवारी फोन करायचं ठरवलं. चौथ्या सोमवारी दप्तरखान्यातला माणूस म्हणाला, “बाई, आज तुमच्याआधी मीच फोन करणार होतो.”

मार्चच्या शेवटी अकरा पानांची नक्कल टपालपेटीत आली. तिने ती फाटकाला टेकून तिथेच वाचली. लोनी पलीकडून बघत होता.

“चांगली बातमी का?” त्याने विचारलं.

“तुझ्यासाठी नाही,” ती म्हणाली. मग पानं पाकिटात घालत, “तुझ्या मालकांसाठी नाही, असं म्हणायचं होतं मला.”

एप्रिलच्या सुनावणीत न्यायाधीश बाईंनी ती पानं स्वतः मोठ्याने वाचली.

“९ जुलै. हॉमिनी ओढ्याचे मुख. दोन माणसे भेटली. वर रस्ता आहे का, विचारले. नाही म्हणाले. पाऊलवाट? तीही नाही. मग वर कोण राहते? अस्वले, असे उत्तर मिळाले.

“१० जुलै. समोरच्या कड्यावरून घळीत सात छपरे, एक शाळा व एक चर्च दिसले. अस्वले धार्मिक असावीत.

“११ जुलै. ओढ्यातून चालत वर. पाण्याखालच्या दगडांवर लोखंडी धावांचे चरे. पाव मैलावर ओढ्यातून निघणारा नऊ फूट रुंद रस्ता, कडेला गटार काढलेले. त्यावर नुकती पाडलेली झाडे, पाने अजून हिरवी. पहिल्या घरी ताक दिले. स्वयंपाकघरात ओतीव लोखंडाची चूल, वजन पाचशे पौंडांखाली नसावे. ती वर कशी आली हे विचारले नाही. परतताना सहा माणसे कुदळी आणि माती सपाट करायची घोड्याची घसर घेऊन बसलेली दिसली. काय काम, असे विचारले. मुकादम म्हणाला, रस्त्याचे दिवस भरतो आहोत. कोणत्या रस्त्याचे? बराच विचार करून म्हणाला, त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. नाव, कटलिप.

“नकाशावर रस्ता काढलेला नाही. रहिवाशांची तशी इच्छा दिसते. सहापैकी चौघांजवळ बंदुका आहेत आणि मला या घळीत अजून तीन दिवस काम आहे.”

रस्त्याचे दिवस म्हणजे काय, हे त्या कोर्टात कोणाला सांगावं लागलं नाही. त्या काळी एकवीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक पुरुषाला वर्षातले सहा दिवस आपल्या भागातल्या सार्वजनिक रस्त्यावर राबावं लागे. वेठच ती. मुकादम काउंटी नेमायची आणि तो शपथेने बांधलेला असायचा.

क्लबचे वकील उठले. “तुमचे आजोबा सरकारी अधिकाऱ्याशी खोटं बोलले, हे तुम्हाला मान्य आहे?”

“हो.”

“कारण तिथे हातभट्टी होती?”

“हो. चांगली चालायची म्हणतात.”

“मग अशा कुटुंबाच्या सांगण्यावर आज कोर्टाने विश्वास का ठेवावा?”

“ठेवू नका. लस्कनेही ठेवला नाही, म्हणून तर त्याने लिहून ठेवलं.”

वकील थांबले नाहीत. वहीत रस्ता आहे हे त्यांनी मान्य केलं. पण तो सार्वजनिक होता असं वहीत कुठे आहे? माणसं रस्त्याचे दिवस भरत होती, पण कोणत्या रस्त्याचे हे मुकादमाने सांगितलंच नाही. ते खालच्या मोठ्या रस्त्यावरून परतत असतील. घळीतला रस्ता कटलिपांनी भट्टीसाठी काढलेला खासगी रस्ता असू शकतो. न्यायाधीश बाईंनी मान हलवली. मुद्दा बरोबर होता. डेल्फिया टेबलावरची पानं पुन्हा उलटत उभी राहिली आणि बसली नाही.

मागच्या बाकावरून डेन्झिल उठला. तो येणार हे तिला ठाऊक नव्हतं.

“मॅडम, चर्चची वही माझ्या गाडीत आहे,” तो म्हणाला. “जानेवारीपासून तिथेच आहे.”

“काय आहे तीत?”

“ते तुम्ही वाचा. मला वाचवत नाही.”

वही आणली. काळ्या कापडाच्या पुठ्ठ्याची. खूणचिठ्ठी आधीच घातलेली होती. कारकुनाने वाचलं:

“ऑगस्ट १९२४, शनिवारची सभा. बंधू हायरम कटलिप उभे राहिले व म्हणाले की, ते हॉमिनीच्या रस्त्याचे काउंटीने नेमलेले मुकादम असून त्यांनी एका परक्या माणसास घळीत रस्ता नाही असे सांगितले. हे असत्य होते. त्यांनी क्षमा मागितली. सभेने क्षमा केली. दुसऱ्या बाबीविषयी विचारले असता बंधू हायरम म्हणाले, त्याबद्दल त्यांना काही सांगता येणार नाही.”

या वेळी न्यायाधीश बाईही हसल्या. या डोंगरांतल्या चर्चमध्ये सभासदाने आपलं पाप उभं राहून सांगायचं आणि चिटणिसाने ते शब्दाला शब्द लिहून ठेवायचं, ही जुनी रीत आहे. सरकारशी खोटं बोलताना हायरमची जीभ अडखळली नव्हती. शनिवारच्या सभेत मात्र त्याला गप्प राहवलं नाही. निदान रस्त्यापुरतं तरी.

बाहेर पायऱ्यांवर डेल्फियाने डेन्झिलला विचारलं, “तीन महिने गाडीत ठेवलीस?”

“हो.”

“मी तीन महिने चालले.”

“माहीत आहे मला. रोज बघत होतो.” तो टोपी हातात फिरवत होता. “एकदा उभं राहून कबूल केलेलं पाप लपवायचं नसतं. एवढं मला चिटणीस असून कळायला हवं होतं.”

“हवं होतं,” ती म्हणाली. त्याने हात पुढे केला, तो तिने धरला. पायऱ्या उंच होत्या आणि तिचा गुडघा दुखरा होता.

निकाल मेच्या पहिल्या आठवड्यात लागला. हॉमिनी घळीचा रस्ता मुखापासून शेवटच्या घरापर्यंत सार्वजनिक आहे, फाटक दहा दिवसांत काढावं. लोनीने ते तिसऱ्या दिवशी काढलं. खांब निघेनात, ते अजून तिथेच आहेत. डेल्फियाने पिकअप ओढ्यातून वर नेली. हिवाळ्यात पडलेल्या दोन झाडांना वळसा घालताना सायलेन्सरची नळी तुटली.

पुढच्या सोमवारी ती राज्याच्या रस्ते कार्यालयात गेली. रस्ता सार्वजनिक आहे तर तो दुरुस्त करणं तुमचं काम, असा अर्ज तिने दिला. खिडकीतल्या कारकुनाने काउंटीचा रस्त्यांचा नकाशा उलगडला, बोट फिरवलं आणि नकाशा तिच्याकडे वळवला.

“मॅम, हॉमिनीत रस्ता नाही.”

तिने निकालाची प्रत त्या नकाशावर ठेवली.

“हे वरच्या कार्यालयात पाठवावं लागेल. नकाशा बदलायचा अधिकार मला नाही.”

“पाठव,” ती म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

“आज काही होणार नाही.”

“असू दे. मी निवृत्त आहे.”

तेव्हा अकरा वाजले होते. कार्यालय चारला बंद होतं. दुपारी तिने पिशवीतून राजम्याचा डबा काढून खाल्ला, कारकुनाला विचारलं, त्याने नको म्हटलं. वरच्या कार्यालयाशी त्याची तीनदा फोनवर बोलणी झाली. सव्वातीनला त्याने पेन्सिल घेतली आणि घळीच्या मुखापासून वर एक सरळ रेघ ओढायला सुरुवात केली.

“वाकडी काढ,” डेल्फिया खुर्चीतून उठत म्हणाली. “पाव मैल ओढ्यातून जातो. मग डावीकडे निघतो. थांब, मी दाखवते.”